सिझरचा तिसरा दिवस, दूध पुरत नाही म्हणतात, पावडरचा डबा आणू का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात परत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर सांगा. परवा सिझर झालं, मुलगी, जन्माचं वजन ३ किलो, आज सकाळी २ किलो ७८० भरलं. काल रात्री दर अर्ध्या तासाला उठून रडली, अंगावर घेतलं की पाच मिनिटं ओढते आणि झोपते, खाली ठेवलं की परत रडते. तुमच्या आईंनी दाबून बघितलं तर चार थेंब आले, म्हणून त्या म्हणतात दूधच नाही. सासूबाई म्हणतात येईल, थांबा. नाईटच्या सिस्टर जाता जाता "डबा आणून ठेवा" म्हणाल्या, बायको सकाळपासून रडतीये, आणि तुम्ही खाली मेडिकलमध्ये उभे आहात की घेऊ का नको.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते, मग पाजण्याच्या समुपदेशनाचं ट्रेनिंग घेतलं आणि आता फक्त तेच काम करते. तुमच्यासारखा प्रश्न आठवड्यात कितीतरी वेळा येतो, आणि जवळजवळ कायम तिसऱ्या दिवशीच येतो, त्याला कारण आहे, ते पुढे सांगते.

आधी उत्तर. नुसत्या एवढ्या माहितीवर मी आत्ता डबा उघडायला सांगणार नाही. पण "कधीच देऊ नका" असंही म्हणणार नाही, कारण ते दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे ज्या तुम्ही लिहिल्याच नाहीयेत. बाळ पूर्ण दिवसांचं आहे का (३७ आठवड्यांच्या आतलं असेल तर गणित वेगळं), आईला शुगर होती का, काविळीबद्दल डॉक्टर काही बोललेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काल सकाळपासून आत्तापर्यंत शू किती वेळा आणि शी कोणत्या रंगाची. आतापर्यंत सगळ्यांनी आईची छाती बघितली, दाबून बघितली, त्यावर मतं दिली, पण बाळाच्या पोटात काय चाललंय हे कुणी बघितलेलं दिसत नाही. खरा प्रश्न दूध किती येतंय हा नाहीये, बाळ किती घेतंय हा आहे, आणि तो लंगोटात दिसतो.

आता दाबून बघण्याबद्दल. पहिले दोन-तीन दिवस जे येतं तो चीक, घट्ट पिवळसर, आणि तो असतोच थोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिली घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० च्या आसपास. पहिल्या दिवशीचं म्हणजे चहाचा एखाददुसरा चमचा, बास, बाळाच्या पोटात जागाच तेवढी असते. त्यात हाताने काढणं ही वेगळी कला आहे, आणि टाके दुखत असताना चार माणसांसमोर दुसऱ्या बाईने निप्पल चिमटीत धरून दाबलं तर कुणाचंही येणार नाही. चार थेंब आले याचा अर्थ एवढाच की चीक आहे.

पान्हा फुटतो तो वार पडल्यानंतर शरीरातलं एक हार्मोन झपाट्याने उतरतं म्हणून, आणि त्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. पहिलं बाळंतपण असेल, सिझर असेल, शुगर असेल, रक्त जास्त गेलं असेल तर चौथा-पाचवा दिवसही उजाडतो. हे सुरुवातीचं येणं आपोआप होतं, पण पुढे ते टिकतं आणि वाढतं ते बाळ किती वेळा ओढतं आणि छाती किती रिकामी होते त्यावर. बाळाचं म्हणाल तर पहिले चोवीस तास ते दमलेलं असतं, झोपून काढतं, सगळे म्हणतात किती शहाणं बाळ. दुसऱ्या रात्री ते जागं होतं आणि त्याला सतत अंगावर राहायचं असतं. तुमची कालची रात्र ही ती दुसरी रात्र होती! आईचं दूध अजून भरून आलेलं नाही आणि बाळ मात्र पूर्ण जागं, या दोन गोष्टी एकाच वेळी येतात, म्हणून माझा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी वाजतो.

वजनाचं बघू. २२० ग्रॅम कमी झालं म्हणजे ७ टक्क्यांच्या थोडं वर. पहिल्या तीन-चार दिवसात वजन उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत कुणी फार विचार करत नाही, ७ ते १० मध्ये पाजणं नीट बसून बघायचं, आणि १० च्या वर गेलं तर डॉक्टरांनी बाळ पूर्ण तपासलंच पाहिजे. तुमच्या बाळासाठी १० टक्के म्हणजे २ किलो ७००, हा आकडा लक्षात ठेवा. अजून एक, सिझरच्या आधी आईला सलाईनच्या बाटल्या जास्त लागल्या असतील तर ते पाणी थोडं बाळाच्या अंगातही जातं आणि जन्माचं वजन जरा फुगवून दाखवतं, मग ते शूवाटे उतरलं की घट मोठी दिसते. आणि वजन एकाच काट्यावर, बाळाला पूर्ण उघडं करूनच घ्या. दुपटं, टोपडं, झबलं आणि ओला डायपर मिळून सहज शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो, लेबर रूमच्या काट्यावर एक आणि ओपीडीच्या काट्यावर दुसरं असं वजन करून घरच्यांनी रडारड केलेली मी खूपदा बघितलीये.

आता लंगोट. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासात सहा किंवा जास्त. शी पहिले दोन दिवस काळी, डांबरासारखी चिकट, तिसऱ्याच्या सुमारास हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. काळ्याची हिरवट झाली म्हणजे पोटात दूध जातंय, याहून चांगला पुरावा घरी मिळत नाही. शूच्या जागी विटकरी-गुलाबी पावडरसारखा डाग दिसला की लोक रक्त समजून घाबरतात, ते रक्त नाही, पहिले दोन-तीन दिवस चालतं, पण चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत असेल तर बाळाला कमी पडतंय असं समजा आणि दाखवा. डायपर असेल तर ही थोडीशी शू कळतच नाही, म्हणून दोन दिवस सुती लंगोट बांधा, धुवायला लागतील, तुम्ही धुवा. मोबाईलमध्ये वेळ लिहून ठेवा: पाजलं कधी, शू, शी, रंग. डॉक्टर राऊंडला आले की "खूप रडते" या वाक्यापेक्षा ही यादी त्यांना शंभरपट उपयोगाची.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे बाळ तोंडात काय धरतंय. सिझरच्या बाईकडे गेलं की मला बहुतेक वेळा हेच दिसतं: ती उताणी, टाके ताणले जातात म्हणून हलायला घाबरते, बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, आणि मागून आजी किंवा मावशी बाळाचं डोकं धरून छातीवर दाबतायत. बाळाच्या डोक्याला मागून दाबलं की ते मान मागे टाकतं, मग सगळे म्हणतात "धरतच नाही". तर दुपटं सोडा. आईला पलंगाचं डोकं वर करून टेकून बसवा किंवा कुशीवर झोपवा, पाठीला उशी. टाक्यांवर वजन नको असेल तर बाळाला तिच्या काखेतून बाजूला घ्या, पाय मागच्या बाजूला, खाली दोन उश्या. हात डोक्यावर नको, खांद्यांच्या मागे आणि मानेच्या बुडाशी. बाळाचं पोट आईच्या अंगाला चिकटलेलं, नाक निप्पलच्या समोर. मग निप्पल वरच्या ओठाला लावून थांबायचं, थांबायचंच, जोपर्यंत ते जांभई दिल्यासारखा आ करत नाही तोपर्यंत. आ केला की हनुवटी आधी आत. मोठा वडापाव खाताना आपण कसा खालचा जबडा आधी लावतो आणि मग वरचा ओठ आणतो, अगदी तसं.

नीट बसलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि निप्पलभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसतो, खाली कमी. पहिले काही सेकंद ओढल्यासारखं दुखणं ठीक, पण ते थांबायला हवं. पूर्णवेळ दुखत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर निप्पल चपटं, तिरकं कापल्यासारखं बाहेर येत असेल तर फक्त टोक धरलंय. अशा वेळी ओढून काढू नका, ओठाच्या कडेने आपली करंगळी आत सरकवा, पकड सुटली की परत लावा. आणि कान द्या. भराभर चोखणं, मग हनुवटी खोल खाली जाऊन क्षणभर थांबते आणि हळू "कः" असा आवाज येतो, तो घोट. चिकाच्या दिवसात पाच-दहा चोखण्यांनंतर एक घोट, पान्हा फुटला की एक-दोन चोखण्यांमागे एक. पाच मिनिटात झोपते म्हणता ना, तेव्हा घोट ऐकू येत होते का ते बघा. नसतील तर छाती हाताने दाबून धरा, दूध पुढे येतं आणि ती परत ओढायला लागते, ढिली पडली की दुसऱ्या बाजूला घ्या.

आजचा दिवस कसा काढायचा ते सांगते. बाळाला फक्त लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीवर द्या, वरून दोघींवर चादर, तासन्‌तास चालेल, फक्त आईला झोप लागत असेल तर तुम्ही जागे राहून लक्ष ठेवा. रडायची वाट बघू नका, तोंड इकडेतिकडे फिरवलं, मुठी तोंडात घातल्या की लगेच लावा, कारण रडून लाल झालेलं बाळ नीट धरत नाही. चोवीस तासात ८ ते १२ वेळा, आणि झोपली तरी तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका, उठवा. दुखण्याची गोळी वेळेवर घ्यायला सांगा. औषध दुधात उतरेल म्हणून बऱ्याच बायका दुखणं सोसत पडून राहतात, मग कुशीवर वळता येत नाही आणि पाजणं राहतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन पाजताना चालतात, तिला कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण मागून घ्या.

प्रत्येक वेळी पाजून झालं की हाताने चीक काढा, तिनेच, बाकीच्यांना बाहेर काढून. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं, मग हलक्या हाताने गोल मालिश. अंगठा वर, बोटं खाली, निप्पलपासून साधारण एक इंच मागे. आधी आत बरगड्यांकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. त्वचेवरून घासायचं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही, तिथेच सगळ्या सोडून देतात, चालू ठेवा. खाली उकळून घेतलेली स्टीलची छोटी वाटी तुम्ही धरा. जे येईल ते, अगदी पाव चमचा का असेना, चमच्याने किंवा घरात बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची छोटी वाटी) असेल तर त्याने बाळाला द्या.

आता डबा कधी. वजन १० टक्क्यांच्या वर उतरलं, शू नाहीच किंवा वयाच्या मानाने फार कमी, बाळाची शुगर कमी आली, कावीळ वाढतीये आणि पिणं कमी, बाळ इतकं सुस्त की पाजायलाही उठत नाही, यातलं काही असेल तर वरचं द्यायला लागतं आणि तेव्हा द्यायचंच. उपाशी ठेवून आईचं दूध येण्याची वाट बघणं हा हट्ट झाला, त्यात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन ॲडमिट करायची वेळ येते. पण ते औषधासारखं द्यायचं. डॉक्टरांना केसपेपरवर लिहून द्यायला सांगा: कशासाठी, एका वेळी किती मिली, कधी परत बघणार. जाता जाता तोंडी "डबा आणून ठेवा" याला मी सल्ला मानत नाही. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केला, बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, फुकट सॅम्पल, दवाखान्यातून प्रचार, सगळ्याला बंदी. त्या सिस्टरचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, रात्री अख्ख्या वॉर्डाला एकटी माणूस असते, तिला पंचवीस मिनिटं एका पलंगापाशी बसायला वेळ नसतो. पण ते कारण तुमच्या बाळाचं नाही, वॉर्डाचं आहे.

वरचं द्यायचं ठरलं तर आधी आईचंच काढलेलं, नाहीतर हॉस्पिटलला मिल्क बँक असेल तर तिथलं (मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधली १९८९ साली सुरू झाली, आशियातली पहिली, तिथे आणि बहुतेक बँकांत पहिला मान कमी वजनाच्या आणि आजारी बाळांना असतो, त्यामुळे तुम्हाला मिळेलच असं नाही), आणि मग पावडर. पाणी उकळलेलं, माप डब्यावर लिहिलंय तेच, पुरवायला पातळ करायचं नाही. गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध पाणी घालून नाही म्हणजे नाही. वाटी-चमच्याने द्या. बाटलीबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, माझं मत असं की पाजणं जमेपर्यंत बाटली लांब ठेवलेली बरी, आणि चमच्याने दिलं की उगाच जास्तही जात नाही.

जास्त जाण्याचीच मला खरी भीती असते. होतं असं की रात्री दोन वाजता ६० मिली पावडर देतात, बाळ गपगार चार तास झोपतं, सगळे म्हणतात बघा, भूकच होती. त्या चार तासात छातीला कुणी हात लावला नाही. सकाळी परत तेच. चौथ्या दिवशी पान्हा फुटतो तेव्हा बाळाचं पोट भरलेलं, छाती दगडासारखी घट्ट, निप्पल सपाट, बाळाला धरता येत नाही, ते रडतं, परत डबा. आठ दिवसात खरंच दूध कमी होतं आणि मग घरात सगळे म्हणतात, आम्ही सांगत नव्हतो का. म्हणून वरचं दिलं तर प्रत्येक वेळी त्याच सुमारास हाताने किंवा पंपाने दूध काढणं बंधनकारक समजा.

छाती भरून आली, कडक झाली तर पाजायच्या आधी थोडंसं हाताने काढून पुढचा भाग मऊ करा, मग बाळ धरतं. पाजल्यावर गार पाण्याची घडी. आईला ताप आला किंवा छातीवर लाल दुखरा पट्टा दिसला तर डॉक्टर, आणि त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही.

तुमच्या आईंशी भांडू नका. त्यांच्या वेळी चीक फेकून द्यायचे आणि मध चाटवायचे, त्या घाबरल्यात म्हणून बोलतायत. त्यांना काम द्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, तिला आवडत असेल ते सगळं खाऊ घाला, लाडवाने उद्या सकाळी पान्हा फुटेल असं नाही पण बाळंतिणीला पोटभर जेवण आणि तहानेला पाणी हवंच, "पाणी कमी पी" हे तेवढं ऐकू नका. (सिझरनंतर खायला कधी सुरू करायचं ते मात्र डॉक्टर सांगतील तसं.) बाळाच्या तोंडात मध, गूळपाणी, साखरपाणी, घुटी, ग्राईप वॉटर काही नको. मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि पाचवीला माणसं बोलवायची असतील तर यावेळी पूजा घरातल्या घरात करा, पाहुणे बारशाला, कारण पाचव्या दिवशी त्या बाईला दर दोन तासांनी पदर सोडून बसायचंय आणि बाहेरच्या खोलीत वीस माणसं असली की ती बसत नाही.

रात्र काढायची नाही अशा गोष्टी: बाळ उठवूनही उठत नाही किंवा पिणं सोडून दिलं, अंग गरम (काखेत ३७.५ च्या वर) किंवा हातपाय-पोट गार, श्वास भराभर, हिरवी उलटी, तळहात-तळपाय पिवळे, टाळू खोल गेलेली. हॉस्पिटलमध्ये असाल तर लगेच ड्युटी डॉक्टर, घरी गेला असाल तर गाडी काढा, नसेल तर १०८.

तर आत्ता वर जा, लंगोट बघा, एक पाजणं पूर्ण शेजारी बसून बघा, आणि सकाळच्याच काट्यावर उद्या त्याच वेळी वजन करा. लंगोट ओले आहेत, शी हिरवट होतीये, घोट ऐकू येतायत आणि वजन २ किलो ७०० च्या वर आहे, तर डबा दुकानातच राहू दे. यातलं काही बिनसलं तर आजच बालरोगतज्ज्ञांना बोलवा आणि ते लिहून देतील तसं. घरी गेल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा ४२ व्या दिवसापर्यंत येतात, त्यांच्याकडे वजनकाटा असतो. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत वजन परत ३ किलोवर यायला हवं, पुढे रोज २०-३० ग्रॅम वाढतं.

आणि शेवटी तुम्ही पंपाचं विचारलंय. आत्ता विकत घेऊ नका. चीक घट्ट असतो, तो पंपाच्या प्लॅस्टिकलाच चिकटून राहतो, या दिवसात हाताने जास्त निघतो. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं किंवा पान्हा फुटल्यावरही ओढत नसेल तर लागेल, तेव्हा हॉस्पिटलचा वापरता येतो का किंवा भाड्याने मिळतो का ते आधी विचारा, कारण चांगला इलेक्ट्रिक पंप महाग येतो आणि बऱ्याच घरात तो दोनदा वापरून कपाटात जातो.